फिलिपिन्स: बुस्कालानचं बातोक, लेक सेबूचं त'नालाक, आणि हे जपायचं कोणाच्या अटींवर

मनिलाकर_अनघा

मनिलात राहायला लागून बरीच वर्षं झाली. दर डिसेंबर-जानेवारीत भारतातून कोणी ना कोणी फिरायला येतं आणि हल्ली बोराकाय, पालावानच्या यादीत एक नवीन गोष्ट हमखास असते, "ती शंभरी ओलांडलेली आजी टॅटू काढते ना, तिच्याकडून काढून घ्यायचाय, एका दिवसात होईल का?" नाही होत एका दिवसात. मनिलाहून रात्रभराची बस, बाँटोकपासून पुढे जीपनी (इथली प्रवासी वाहतुकीची लांब जीप), आणि शेवटी भातखाचरांच्या कडेनी चढत पायी. पण मला लिहायचंय ते रस्त्याबद्दल नाही, ही आजी आणि तिचं गाव नक्की काय जपून आहेत त्याबद्दल.

आजीचं नाव वांग-ओद. लोक 'अपो' म्हणतात, वडीलधाऱ्या माणसाला मानानी म्हणतात तसं. गाव बुस्कालान, तालुका तिंगलायान, प्रांत कालिंगा, लुझोन बेटाच्या उत्तरेकडच्या कॉर्डिलेरा डोंगरात. जन्म १९१७ चा सांगतात. एप्रिल २०२३ मधे वोग मासिकाच्या फिलिपिन्स आवृत्तीनी तिला मुखपृष्ठावर घेतलं तेव्हा ती १०६ वर्षांची होती, त्या मासिकाच्या मुखपृष्ठावर आलेली जगातली सगळ्यात वयस्कर व्यक्ती. त्यानंतर गर्दी आणखी वाढली.

अंगावर टोचून नक्षी काढायच्या या कलेला बातोक म्हणतात आणि काढणाऱ्याला माम्बाबातोक. हत्यारं बघाल तर पपनसाच्या किंवा तशाच लिंबाच्या जातीच्या झाडाचा एक काटा, तो बांबूच्या बारीक काडीच्या टोकाला आडवा खोचलेला, दुसरी एक काठी ठोकायला, आणि करवंटीत पाण्यात कालवलेली काजळी. बस. आधी गवताची काडी काजळीत बुडवून कातडीवर नक्षीचा आराखडा उठवतात, मग एका हातानी काट्याची काडी धरायची आणि दुसऱ्या हातातल्या काठीनी तिच्यावर ठोकत जायचं, सारखं, एका लयीत, ठक ठक ठक ठक, आणि मधेमधे रक्त पुसून परत त्याच रेषेवरून. समोर बसून बघताना सगळ्यात आधी लक्षात येतो तो आवाज, मशीनची घरघर नाही की काही नाही. आणि हात कुठेही अडखळत नाही. नक्षीत गोम असते, अजगराचे खवले असतात, नेचा असतो, भात असतो, म्हणजे त्या डोंगरात जे आहे तेच अंगावर.

आता यातला इतिहास, जो इन्स्टावर दिसत नाही. पुरुषांना ही नक्षी मागून मिळत नव्हती, कमवावी लागायची, आणि कमवायची म्हणजे शत्रूच्या टोळीशी लढून, त्याचं डोकं कापून आणून. बायकांना मात्र सौंदर्य म्हणून, वयात आल्याची, चांगल्या घरातली असल्याची खूण म्हणून. अमेरिकन राजवटीत डोकी कापून आणणं बंद पाडलं गेलं, त्याबरोबर पुरुषांच्या नक्षीचं कारणच गेलं. मग मिशनरी आले, शाळा आल्या, शहरात उतरलेल्या बायका लांब बाह्यांच्या कपड्यांनी हात झाकायला लागल्या. खाली विसाया बेटांवर तर हे सगळं फार आधीच पुसलं गेलं होतं. १५२१ मधे मॅगेलनबरोबर आलेल्या पिगाफेट्टानी तिथल्या लोकांच्या अंगभर काढलेल्या नक्षीबद्दल लिहून ठेवलंय, स्पॅनिश लोक त्यांना 'पिंतादोस' म्हणजे रंगवलेले म्हणायचे, १५९० च्या सुमाराच्या बॉक्सर कोडेक्स नावाच्या हस्तलिखितात त्यांची चित्रंही आहेत. तिथे स्पेनचा अंमल पक्का बसला आणि नक्षी संपली, कॉर्डिलेराच्या डोंगरात तीनशे वर्षं स्पेनला नीट पाय रोवता आला नाही म्हणून तिथे टिकली.

वांग-ओद हे वडिलांकडून शिकली, पंधरा-सोळाव्या वर्षी. तिला मूल नाही. आणि परंपरेचा नियम असा की विद्या रक्ताच्या नात्यातच द्यायची, बाहेरच्यानी काटा धरला तर जखम चिघळते अशी श्रद्धा आहे. त्यामुळे तिनी भावंडांच्या घरातल्या नातींना शिकवलं, ग्रेस पालिकास आणि एल्यांग विगान ही दोन नावं सगळ्यांना माहिती आहेत. आता गावातली आणखीही तरुण मुलंमुली काढतात, आजी स्वतः बहुतेक फक्त तीन ठिपके देते, ती तिची सही.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे टिकलंय ते कोणी बाहेरून येऊन वाचवलं म्हणून नाही, नियम गावाच्या हातात राहिले म्हणून. लोकांना वाटतं जपणं म्हणजे फोटो, व्हिडिओ, म्युझियम. मला ते पुरेसं वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं, आणि इथे कोणी दक्षिणेकडच्या मिंडानाओ बेटावरचं बघितलंय का, त्याबद्दल पण लिहा.

गोदाकाठ

अनघाताई, फार छान लिहिलंय. माझ्या आजीच्या हातावर आणि हनुवटीवर गोंदण होतं, ती म्हणायची मेल्यावर सोनंनाणं सगळं काढून घेतात, एक गोंदण तेवढं बरोबर येतं. तिकडे पण असं काही मानतात का?

दावाओचा_डॉक्टर

गोदाकाठ, कालिंगांचं मला सांगता येणार नाही पण मिंडानाओतल्या त'बोली लोकांत अगदी याच्या जवळ जाणारी श्रद्धा आहे. मेल्यानंतर अंगावरचं गोंदण उजळतं आणि त्या उजेडात पलीकडच्या जगाची वाट सापडते असं मानतात.

मी मूळचा नांदेडचा, डॉक्टरकी शिकायला मिंडानाओतल्या दावाओ शहरात होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दावाओच्या मेडिकल कॉलेजांत भारतीय मुलं भरपूर, आमच्या वेळी होस्टेलमधे निम्मा मराठवाडा होता. सुट्टी लागली की सगळे समुद्राकडे पळायचे, मी एका त'बोली वर्गमैत्रिणीच्या ओळखीनी लेक सेबूला गेलो, जनरल सांतोसवरून कोरोनादाल आणि तिथून वर डोंगरात. तिथे जे बघितलं त्यावर कधीतरी लिहायचंच होतं, हा धागा आला ते बरं झालं.

त'नालाक म्हणजे अबाकाच्या धाग्याचं कापड. अबाका हे केळीच्याच जातीचं झाड, दिसायला केळच वाटतं, आपल्याकडे जो मनिला दोर म्हणतात ना तो याचाच. खोडाचे पापुद्रे सुटे करून सुरीखालून ओढून धागा काढतात, मग केसासारखा एकेक धागा दुसऱ्याला गाठ मारून जोडत न्यायचा, आणि ती गाठ इतकी बारीक की बोट फिरवलं तरी लागत नाही. त्यानंतर खरी कसोटी. धागे चौकटीवर ताणून, जिथे रंग नको तिथे मेण लावलेल्या दोऱ्यानी घट्ट बांधायचं, रंगात उकळायचं, काही गाठी सोडायच्या, परत दुसऱ्या रंगात. काळा रंग क'नालुम नावाच्या झाडाच्या पानांपासून, लाल लोको नावाच्या झाडाच्या मुळांपासून, आणि पांढरं ते धाग्याचं स्वतःचं. म्हणजे पटोळा जसा विणायच्या आधी धाग्यातच रंगवतात तसं, फक्त इथे कागदावर काढलेलं डिझाइन नसतं. कागद कुठेच नाही! सगळं डोक्यात, आणि डोक्यात आलं कुठून तर स्वप्नातून. फु दालू ही अबाकाची देवता स्वप्नात येऊन नक्षी देते असं त्या मानतात.

माग कमरेला पट्टा बांधून चालवायचा, जमिनीवर बसून, पाठ मागे रेलली की ताण वाढतो पुढे झाली की सैल. विणकाम पहाटे नाहीतर संध्याकाळी, कारण ऊन तापलं की अबाकाचा धागा कडक होऊन तुटतो. विणून झालं की कवडीनी घासघासून चकाकी आणतात. मी बघत होतो तेव्हा एक मावशी लांब बांबूच्या टोकाला अडकवलेली कवडी कापडावर सगळं वजन टाकून फिरवत होत्या, आणि कापड अक्षरशः पॉलिश केलेल्या लाकडासारखं दिसायला लागलं. एका कापडाला महिने जातात.

आणि नियम. ताई म्हणाल्या तेच. मागावरच्या कापडावरून ओलांडून जायचं नाही, विणणं चालू असताना पुरुषानी धाग्याला हात लावायचा नाही, विणणारीनी त्या काळात नवऱ्यापासून लांब राहायचं. तयार कापड कापलं तर आजारपण येतं असं मानतात, विकताना बऱ्याचदा देवतेची समजूत काढायला पितळेची कडी लावून देतात. मला आधी वाटलं होतं की हे सगळं जुनं-पानं आहे, हळूहळू जाईल. पण तिथे बसल्यावर कळलं की या नियमांमुळेच कामाला घाई नाही आणि घाई नाही म्हणून ते काम तसं होतं.

लांग दुलाय नावाची मोठी विणकर तिथलीच. बाराव्या वर्षापासून विणायला लागली, शंभरेक नक्ष्या तोंडपाठ, ढग, फुलपाखरू, कपाळावरची केसांची झालर असल्या. १९९८ मधे तिला गामाबा हा लोककलाकारांचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. २०१५ ला गेली, पण तोवर नातेवाइकांतल्या आणि गावातल्या बऱ्याच बायकांना शिकवून गेली.

मिहिर_ठाणे

दोघांचंही लिखाण आवडलं, पण थोडं वेगळं मत मांडतो. गावाच्या हातात नियम होते म्हणून टिकलं म्हणता, पण २००७ च्या सुमाराला लार्स क्रुटाक नावाचा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ तिकडे गेला, नंतर टीव्हीवर आलं, आणि त्यानंतरच तर रांगा लागल्या ना? त्याआधी गावातल्याच तरुण मुलींना हे नको होतं. पर्यटकांचा पैसा आला म्हणून नातींनी काटा हातात धरला. मग ऑनलाइन शिकवलं, जगभर पसरलं तर बिघडलं कुठे? रक्ताच्या नात्यातच द्यायचं हा नियम उलट कलेच्या मुळावर येऊ शकतो. घरात कोणी तयारच झालं नाही तर?

येवलेकर

मिहिर, घरात विणकाम असलेला माणूस म्हणून बोलतो. पसरणं आणि टिकणं वेगळं. पैठणी आज घराघरात आहे पण हातमागावर पदर भरणारा किती जणांना हवाय ते किंमत सांगितली की कळतं, गिऱ्हाईक फोनमधला पॉवरलूमचा फोटो दाखवून म्हणतं अशीच तर मिळते तिकडे. डॉक्टर, त'नालाकची छापील नक्कल निघाली का?

दावाओचा_डॉक्टर

निघाली ना. पॉलिस्टरवर छापलेलं, पर्स, फाइलकव्हर, सगळ्यावर. स्वस्त. आणि ज्या बाईच्या स्वप्नातली ती नक्षी तिला त्यातला एक पेसो जात नाही.

मनिलाकर_अनघा

मिहिर, तुझा मुद्दा रास्त आहे. पर्यटकांच्या पैशामुळे तिच्या नाती या कामात राहिल्या हे खरंच आहे, ते नाकारण्यात काही अर्थ नाही. गाईड, राहायची घरं, कॉफी विकणारे, आख्ख्या गावाची चूल त्यावर चालते. पण ऑनलाइन शिकवण्याबद्दल जे झालं ते सविस्तर सांगते, कारण माझं मत त्यावरूनच पक्कं झालं.

२०२१ च्या ऑगस्टमधे एका आंतरराष्ट्रीय ऑनलाइन अकॅडमीनी वांग-ओदच्या नावानी कोर्स विकायला काढला. तिच्या नातीनी फेसबुकवर लिहिलं की आजीला हे समजलेलंच नाही. कंपनीनी करारावर अंगठा उठवतानाचा व्हिडिओ टाकला, त्यावर इथे प्रचंड वाद झाला, ऑफिसात, जीपनीत, सगळीकडे तोच विषय. मग आदिवासींच्या हक्कांसाठी जो राष्ट्रीय आयोग आहे त्याच्या तिथल्या कार्यालयानी गावात जाऊन चौकशी केली आणि करार कायद्याला धरून नाही असं म्हटलं. कोर्स काढून टाकला गेला.

महत्त्वाचं आहे ते कारण. १९९७ चा आदिवासी हक्क कायदा आहे इथे, त्यात असं आहे की जमातीच्या ज्ञानाचा, कलेचा वापर करायचा तर आधी, सगळं नीट समजावून सांगून, दडपण न आणता, त्या समाजाची संमती घ्यायची. एका माणसाचा अंगठा पुरत नाही, मग तो माणूस कितीही मोठा असो, कारण बातोक वांग-ओदच्या एकटीच्या मालकीचं नाही, ते बुतबुत लोकांचं, म्हणजे कालिंगांतल्या तिच्या जमातीचं आहे, तिच्याकडे ते फक्त चालत आलंय. मला हे फार पटतं. आपण कलाकार म्हटलं की एक चेहरा शोधतो आणि सगळं त्याच्या नावावर टाकतो.

त्याच्याही आधी, ऑक्टोबर २०१७ मधे, मनिलातल्या एका व्यापारी प्रदर्शनात तिला आणलं होतं. शंभरीतली बाई, दोन दिवसांत शेकड्यांनी लोकांना टोचत बसलेली, आणि पत्रकारांसमोर तिला डुलकी लागल्याचा फोटो देशभर फिरला. प्रदर्शन 'परंपरा जपायला' होतं. तो फोटो बघून मला राग आला होता, अजूनही येतो.

आणि रक्ताच्या नात्याचा नियम बदलायचा का, तर बदलेलही. त्या गावानी ठरवलं तर. माझ्या-तुझ्या सोयीसाठी नको.

मिहिर_ठाणे

कायद्याचं माहीत नव्हतं. समाजाची संमती हा मुद्दा पटला. पण मग कॅलिफोर्नियात वाढलेल्या फिलिपिनो पोरांचं काय? त्यांचं गाव कुठलं आणि त्यांनी संमती कोणाची मागायची?

मनिलाकर_अनघा

अवघड आहे. १९९८ मधे कॅलिफोर्नियातच 'तातक न्ग आपात ना आलोन' म्हणजे चार लाटांची खूण, असा एक गट सुरू झाला, तिथल्या फिलिपिनो लोकांनी जुन्या नक्ष्या अभ्यासून परत अंगावर घ्यायला सुरुवात केली. त्यांतले बरेच विसायांच्या वंशातले, ज्यांच्याकडे शिकवणारं कोणी उरलेलंच नाही, पुस्तकं आणि जुनी चित्रं हाच आधार. त्यांना कोणी चोर म्हणेल असं मला वाटत नाही. पण तेच लोक कालिंगांची नक्षी उचलतात तेव्हा कालिंगा नाराज होतात, आणि ती नाराजी मला समजते, कारण आजोबांनी जी कमावली ती कोणीतरी मेन्यूकार्डातून निवडतंय.

शिलालेखवाला

अवांतर आहे पण राहवत नाही. १९८९ मधे मनिलाजवळ लागुना प्रांतात नदीतली वाळू काढताना एक ताम्रपट सापडला. त्याची सुरुवात अशी की स्वस्ति शकवर्ष ८२२, वैशाख मास, कृष्ण पक्ष चतुर्थी, सोमवार! म्हणजे इ. स. ९००. आपण पंचांगात शके लिहितो तोच शक, तिथे, अकराशे वर्षांपूर्वी, कर्ज फिटल्याच्या कागदावर. वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आणि हे पूर्ण अवांतरही नाही. तो ताम्रपट वाचला आंतून पोस्त्मा यांनी, मूळचे डच, पण आयुष्य काढलं मिंदोरो बेटावर हानुनुओ मांग्यान लोकांत. त्या लोकांकडे ब्राह्मीच्या वंशातली लिपी अजून आहे. ती लिहीत नाहीत, सुरीच्या टोकानी बांबूवर कोरतात. आंबाहान नावाची गाणी, सात-सात अक्षरांच्या ओळी, प्रेमाची, प्रवासाची, आईवडिलांची, बांबूवर कोरून एकमेकांना देतात. गिनाव बिलोग या मांग्यान कवीला १९९३ मधे, म्हणजे गामाबाच्या पहिल्याच तुकडीत, मान मिळाला. अनघाताई, गामाबावर जरा सांगा ना, वर उल्लेख आलाय पण नवीन वाचकांना नीट कळणार नाही.

मनिलाकर_अनघा

शिलालेखवाला, हे अवांतर चालेल, अजून येऊ द्या!

गामाबा म्हणजे गावाद सा मान्लिलिखा न्ग बायान, लोककलाकारांचा राष्ट्रीय सन्मान, १९९२ च्या कायद्यानी आलेला. मानपत्र, दर महिन्याला मानधन, आणि त्या बदल्यात एक अट की विद्या पुढच्या पिढीला शिकवायची. मला यातली ती अटच आवडते. अब्रा प्रांतातले तेओफिलो गार्सिया दुधीभोपळ्याच्या जातीचं फळ वाळवून, आतून पोखरून, वरून लाखेसारखा थर देऊन टोप्या करतात, फळ स्वतःच्या शेतात लावण्यापासून सगळं स्वतः, त्यांना २०१२ ला मिळालं. तावी-तावीतल्या हाजा आमिना आप्पी चटया विणायच्या, २००४ ला. वांग-ओदला गामाबा द्या अशी लोकांची मोठी मागणी होती, २०१८ मधे संस्कृती आयोगानी तिला दुसरा एक सन्मान दिला, दांगाल न्ग हाराया नावाचा.

याशिवाय १९९५ पासून संस्कृती आयोगाच्या मदतीनी गावोगावी 'जिवंत परंपरांच्या शाळा' चालतात, बहुतेक वेळा गावातल्याच एखाद्या घरात नाहीतर झोपडीत, जाणत्या माणसाभोवती मुलं बसतात आणि शिकतात. आणि बागिओच्या विद्यापीठात अनालिन साल्व्हादोर-आमोरेस यांनी कालिंगा बातोकवर मूलभूत काम केलंय, त्यांच्याच पुढाकारानी कॉर्डिलेरातल्या जुन्या कापडांचा प्रकल्प चालतो, संग्रहालयांत पडलेली शंभर वर्षांपूर्वीची कापडं बारकाईनी तपासून, धागे मोजून, ती परत विणून बघायची, आणि ते ज्ञान विणकरांकडे परत न्यायचं. म्युझियम पुरेसं नाही असं मी वर लिहिलं, पण म्युझियमचा असा उपयोग कोणी करत असेल तर माझा शंभर टक्के पाठिंबा.

रेवा_के

सगळा धागा एका बैठकीत वाचून काढला. आम्ही जानेवारीत जातोय, बुस्कालान ठरलं होतं, आता जाऊ की नको असं झालंय. आणि डॉक्टर, काट्यानी काढलेलं सुरक्षित असतं का हो? आईनी तेच विचारलं पहिलं.

दावाओचा_डॉक्टर

आईंचा प्रश्न योग्य आहे. काटा प्रत्येकाला नवीन असतो, तरी समोर बसल्यावर आपल्यासमोर नवा काटा लावून घ्या, संकोच करू नका. काजळी आणि पाणी निर्जंतुक नसतं हे लक्षात ठेवून ठरवा. मधुमेह असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, गरोदर असाल तर सरळ नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घेऊन जा, पुढचे काही दिवस साबणानी धुवायचं, समुद्रात-तळ्यात डुंबायचं नाही, सूज वाढली किंवा ताप आला तर थांबू नका. आणि परत आल्यावर काही महिने रक्तदान करता येत नाही.

लेक सेबूला जाणार असाल तर मिंडानाओच्या प्रवासाबद्दलच्या सूचना आधी बघा. त'नालाक घ्यायचं तर विणकर बायकांच्या केंद्रातून, आख्खं कापड, कापून मागू नका. किंमत ऐकून घासाघीस करावीशी वाटली तर ते गाठी मारलेले धागे डोळ्यांसमोर आणा.

मनिलाकर_अनघा

रेवा, जा की, नक्की जा! एका रात्रीचा तरी मुक्काम गावात करा म्हणजे पैसा गावात राहतो. गाईड तिथलाच घ्या, नोंदणी करा. अपोच पाहिजे असा हट्ट नको, ती थकली असेल तर तिला विश्रांती घेऊ द्या आणि नातींपैकी जिचा नंबर असेल तिच्याकडे बसा, हात तितकाच सराईत आहे आणि पुढची पन्नास वर्षं त्याच मुली हे चालवणार आहेत. नक्षी मोबाईलवरून घेऊन जाऊ नका, त्यांच्या फळ्यावर ज्या आहेत त्यांतली घ्या, आणि कशाची काय आहे, कोणाला देतात, ते विचारा, सांगतात. एखादी देत नाही म्हणाल्या तर दुसरी घ्या. फोटो विचारून. जानेवारीत वर कडाक्याची थंडी असते, स्वेटर न्या, आणि आल्यावर इथे लिहा, मी वाट बघतेय.